अठ्ठ्याऐंशींतल्या चौघी

आज डावाचं विश्लेषण नाही. पट मांडून, वही-पेन घेऊन बसला असाल तर ते बाजूला ठेवा. आज थोडा हिशेब करायचा आहे. त्यात एक-दोन जुन्या गोष्टी येतील, आणि शेवटी तुमच्याकडून आलेल्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे.

सुरुवात बाटुमीपासून करू. जॉर्जियातलं, काळ्या समुद्राकाठचं हे शहर. २८ जुलै २०२५. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी, आणि पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय. एकीकडे आंध्रची कोनेरू हंपी, वय ३८. दुसरीकडे नागपूरची दिव्या देशमुख, वय १९. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली आणि दिव्याचा जन्म डिसेंबर २००५चा. म्हणजे समोर बसलेली बाई आपल्या जन्माच्या तीन वर्षं आधीपासून ग्रँडमास्टर आहे! पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पहिल्यात दिव्याला जिंकायची संधी होती, ती हुकली. मग टायब्रेक. पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव लांबत गेला, मोहरी कमी होत गेली, हंपीच्या घड्याळातली मिनिटं संपत आली, आणि अशा वेळी जे होतं ते झालं: आधी एक चूक, मग तिच्यामागून दुसरी. दिव्या जिंकली, अडीच विरुद्ध दीड. पटावरून उठून आईच्या गळ्यात पडून रडली, ते दृश्य तुम्ही पाहिलंच असेल. सगळ्या देशाने पाहिलं.

या विजयाने तीन गोष्टी तिच्या हातात आल्या. पन्नास हजार डॉलर. कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेतेपदाचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, जागा. आणि ग्रँडमास्टर किताब. ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर.

आता हिशेब. या ८८ जणांत महिला किती? चार. २००२ साली हंपी, २०११ साली हरिका द्रोणवल्ली, २०२३च्या अखेरीस वैशाली रमेशबाबू, आणि २०२५ साली दिव्या. तेवीस वर्षांत चौघी. जगाचं चित्रही फार वेगळं नाही. आजवर दोन हजारांवर ग्रँडमास्टर झाले, त्यांत महिला चाळीसच्या आसपास. आणि गंमत बघा, ऑलिम्पियाडमध्ये आपल्या महिलांचा संघ जगात पहिला आहे. २०२४ साली बुडापेस्टला खुल्या गटाबरोबर महिला संघानेही सुवर्ण जिंकलं. कर्णधार होता आपला पुण्याचा अभिजित कुंटे, आणि तिसऱ्या पटावर अकरापैकी साडेनऊ गुण करणारी होती हीच दिव्या. तरीही ८८ मध्ये चार. जगात अव्वल असूनही हे प्रमाण असं का, हा आजचा विषय.

आधी एक कुरबुर निकालात काढते. दिव्या जिंकली त्याच संध्याकाळी काही जाणकारांनी नाकं मुरडली. म्हणे, हा किताब मागच्या दाराने मिळाला. त्यांचं म्हणणं काय, ते समजून घ्या. ग्रँडमास्टर व्हायला एरवी तीन नॉर्म लागतात आणि गुणांकन २५०० च्या वर न्यावं लागतं. दिव्याकडे त्या दिवसापर्यंत एकही नॉर्म नव्हता. पण महिलांचा विश्वचषक जिंकला की किताब थेट, असा फिडेचा नियम आहे. नियम आधीपासून छापलेला आहे, तिच्यासाठी कुणी तो बनवलेला नाही. आणि आता तिने कुणाला हरवलं ते बघा. चीनची झू जिनेर, आपली हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी, शेवटी हंपी. तानविरुद्धचा उपांत्य फेरीतला डाव शंभरावर चाली चालला. तिचं मानांकन होतं पंधरावं. ज्या दारातून आत जायला या चौघींना हरवावं लागतं, त्याला मागचं दार म्हणत असाल तर पुढचं कसं असेल, याची मला कल्पना करवत नाही.

पुढचं सांगते. सप्टेंबरमध्ये समरकंदला ग्रँड स्विस स्पर्धा होती. महिलांचा गट वेगळा होता, दिव्याने तो सोडून खुल्या गटात नाव दिलं. तिथे जगज्जेत्या गुकेशशी तिची गाठ पडली आणि डाव बरोबरीत सुटला. त्याच वेळी शेजारच्या महिला गटात वैशाली पहिली आली, सलग दुसऱ्यांदा. एकाच सभागृहात दोघी भारतीय मुली, दोन वेगळ्या वाटांनी. मला दोन्ही बरोबर वाटतात, आणि का ते पुढे सांगणार आहे.

पण त्याआधी जुनी गोष्ट. ती मराठी माणसाला ठाऊक असायला हवी आणि बहुतेकांना नसते.

१९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. जिंकली वासंती खाडिलकर. पुढची दहा वर्षं हे विजेतेपद एका घराबाहेर गेलं नाही: वासंती, जयश्री, रोहिणी. तिघी बहिणी, मुंबईच्या, ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या मुली. त्यांतली रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय जेमतेम तेरा. गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी खेळते? प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे खाडिलकरांची बाजू जिंकली. गोष्ट फिडेपर्यंत पोचली. फिडेचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स युवे होते. त्यांनी निर्णय दिला: महिलांना कोणत्याही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून, केवळ महिला म्हणून, दूर ठेवता येणार नाही. त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं, हे मी वर फुकट सांगते.

आता हे युवे कोण? हॉलंडचे, गणिताचे शिक्षक, १९३५ साली अलेखाइनला हरवून जगज्जेते झालेले. त्यांच्याबद्दल एक गोष्ट आहे ती मला फार आवडते. १९२९ साली कार्ल्सबाडच्या मोठ्या स्पर्धेत व्हेरा मेन्चिकला बोलावलं होतं. महिलांची पहिली जगज्जेती. बावीस जणांत एकटी बाई. अल्बर्ट बेकर नावाच्या व्हिएन्नाच्या खेळाडूने थट्टा केली की, जो हिच्याकडून हरेल त्याला ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करून घेऊ. पहिला सभासद कोण झाला? स्वतः बेकर! मेन्चिक त्या स्पर्धेत शेवटची आली, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होते. पण क्लब वाढत गेला. पुढे इंग्लंडात हेस्टिंग्जच्या स्पर्धांत एक नवा सभासद दाखल झाला, आणि तोही एकदा नाही, दोनदा हरून. त्याचं नाव मॅक्स युवे.

मेन्चिकसमोर दोनदा राजा आडवा करणारा माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी मुंबईच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या बाजूने निर्णय देतो. या दोन गोष्टींचा संबंध होता असा पुरावा माझ्या हातात नाही. पण बाईच्या हातून हरण्याचा अनुभव असलेला माणूस त्या खुर्चीत बसला होता, एवढं खरं.

म्हणजे दार १९७६ साली उघडलं. कागदावर तरी. त्यानंतर भारताला पहिली महिला ग्रँडमास्टर मिळायला २६ वर्षं लागली. मधल्या काळात आपल्याकडे चांगल्या खेळाडू नव्हत्या असं नाही. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या ठिपसे, पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या. अनुपमा अभ्यंकर, पुढच्या गोखले, यांनीही पाच वेळा ती स्पर्धा जिंकली. मग अडलं कुठे?

सोपं उत्तर बाजारात तयार असतं: बायकांचा मेंदू या खेळासाठी नाही. हे मी ऐकलंय, पालकांच्या तोंडून, आयोजकांच्या तोंडून, एकदा तर खुद्द पंचांच्या टेबलावर, आणि मी पंच म्हणून त्याच टेबलाशी बसले होते. यावर वाद घालायचा तर २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. संशोधक बिलालिच आणि त्यांचे सहकारी. त्यांनी जर्मनीतल्या सुमारे एक लाख वीस हजार खेळाडूंची गुणांकनं घेतली. खेळणाऱ्यांत पुरुष आणि महिला यांचं प्रमाण सोळाला एक असं होतं. त्यांचा मुद्दा साधा आहे. एका पिशवीत हजार दाणे आणि दुसरीत साठ असतील, तर सर्वांत टपोरा दाणा हजारांच्या पिशवीत सापडण्याचा संभव जास्त, दाण्यांची जात एक असली तरी. पहिल्या शंभर पुरुषांत आणि पहिल्या शंभर महिलांत जो फरक दिसतो, त्यातला ९६ टक्के फरक नुसत्या या संख्येने समजावता येतो असं त्यांनी मांडलं. या पद्धतीवर नंतर आक्षेपही घेतले गेले, तेव्हा ९६ हा आकडा मी तुम्हाला वेदवाक्य म्हणून देत नाही. पण प्रश्न कुठे नेऊन ठेवायचा हे त्यातून कळतं. साठच दाणे का? बाकीचे कुठे गेले?

ते कुठे जातात ते मी इंदूरला माझ्या वर्गात बघते. सतरा वर्षं शिकवतेय. सात-आठ वर्षांच्या मुलांच्या तुकडीत मुली निम्म्याच्या आसपास असतात. बाराव्या वर्षापर्यंत तिसरा हिस्सा. दहावीच्या वर्षी एखादी उरते. मुलगेही गळतात, दहावी कुणाला सोडत नाही. पण मुलगे बारावीनंतर परत येतात. मुली येत नाहीत.

आणि याचं कारण मला विचाराल तर मी मेंदूकडे बोट दाखवणार नाही, रेल्वेच्या तिकिटाकडे दाखवीन. गुणांकन वाढवायचं तर गुणांकन स्पर्धा खेळाव्या लागतात, त्या आज भुवनेश्वरला, उद्या चेन्नईला, परवा नागपूरला. चौदा वर्षांचा मुलगा दोन मित्रांबरोबर स्लीपरने जातो, एका खोलीत चौघं राहतात, वडापाव खातात, परत येतात. चौदा वर्षांची मुलगी एकटी जात नाही. आई बरोबर जाते. म्हणजे तिकिटं दोन, खोली वेगळी, आईची आठवडाभराची रजा, आणि घरी मागे राहिलेल्यांच्या जेवणाची सोय. तीच स्पर्धा, तेच नऊ डाव, खर्च दुप्पट. वर्षाला आठ स्पर्धा धरा आणि चार वर्षांचा हिशेब करा. त्या घरात धाकटा भाऊही खेळत असेल तर कोणाचं तिकीट आधी कापलं जातं, ते सांगायला नको. यात कुणी दुष्ट नसतं. कुणी ‘मुलींनी खेळू नये’ असं म्हणतही नाही. नुसती वजाबाकी असते.

आई जाते, तिचं काय, हाही एक भाग आहे. सभागृहात पालकांना प्रवेश नसतो. तर ती बाहेरच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, डबा मांडीवर घेऊन चार-चार तास बसते. आमच्या खेळातल्या निम्म्या मुली या व्हरांड्यांवर उभ्या आहेत.

दुसरं कारण पटाभोवतीचं. जानेवारी २०२४ मध्ये हॉलंडमधल्या विक आन झीला दिव्या खेळली. तेव्हा ती १८ वर्षांची होती. स्पर्धा संपल्यावर तिने जाहीरपणे लिहिलं की, प्रेक्षक तिच्या डावांवर बोलत नव्हते, कपडे, केस, बोलण्याची ढब यांवर बोलत होते. जगातल्या सर्वांत जुन्या, सर्वांत सभ्य समजल्या जाणाऱ्या स्पर्धांपैकी एक. तिने लिहिलं म्हणून कळलं. आमच्याकडे तेराव्या वर्षी, पहिल्यांदा हे कानावर पडलं की, मुली लिहीत नाहीत. त्या पुढच्या महिन्यात वर्गाला येणं बंद करतात, आणि पालक सांगतात, अभ्यास फार वाढलाय.

म्हणून वेगळ्या महिला स्पर्धा हव्यात का, या प्रश्नाला मी ‘हव्यात’ म्हणते. युडिट पोल्गार याच्या उलट मताची आहे, आणि तिला तो हक्क आहे. ती महिलांच्या जगज्जेतेपदाच्या वाटेला कधी गेलीच नाही, खुल्या गटात खेळून २७३५ गुणांकनापर्यंत आणि जगातल्या पहिल्या दहांत पोचली. तिचं म्हणणं, मुलीसमोर छोटं ध्येय ठेवलं की ती छोटीच होते. खरं आहे. पण युडिटच्या मागे सगळं घर उभं होतं, शाळेऐवजी घरी शिकवणारे आईबाप होते. ज्या मुलीचं दुसरं तिकीट निघत नाही, तिला पहिलं बक्षीस कुठेतरी मिळालं पाहिजे, म्हणजे तिसरं तिकीट निघेल. बाटुमीची विजेती पन्नास हजार डॉलर घेते आणि त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाच्या विजेत्याला एक लाख वीस हजार मिळतात. खुल्या स्पर्धेत खेळाडू जवळपास दुप्पट होते, हे मान्य. पण ही दरी बुजवायला हवी असं मला वाटतं, आणि स्पर्धा बंद करून ती बुजत नाही.

महिलांच्या किताबांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ‘वूमन ग्रँडमास्टर’ हा किताब ऐकायला भारदस्त. त्याला गुणांकन लागतं २३००. फिडे मास्टरलाही २३००च. इंटरनॅशनल मास्टरला २४००. म्हणजे नावात ग्रँडमास्टर आहे आणि पायरी इंटरनॅशनल मास्टरच्या खालची. नॉर्म लागतात, मेहनत लागते, मी ती कमी लेखत नाही. पण सोळा-सतराव्या वर्षी हा किताब मिळाला की गावात हार पडतात, वर्तमानपत्रात ‘ग्रँडमास्टर’ छापून येतं, आणि आणखी दोनशे गुणांची चढण बाकी आहे हे कुणीच त्या मुलीला सांगत नाही. दिव्याचा क्रम बघा: २०२१ साली वूमन ग्रँडमास्टर, २०२३ साली इंटरनॅशनल मास्टर, २०२५ साली ग्रँडमास्टर. ती पहिल्या पायरीवर बसून राहिली नाही. फार जणी बसतात. बसण्यासाठीच ती पायरी एवढी रुंद आणि चकचकीत केलेली आहे, असा मला कधीकधी संशय येतो. स्पर्धा ठेवा, पैसे वाढवा, किताब एकच ठेवा. याला माझ्याच ओळखीतल्या बऱ्याच खेळाडू विरोध करतात. त्या म्हणतात, या किताबावर आम्हाला खेळाडू म्हणून नोकरी मिळाली. त्याला माझ्याकडे चटकन उत्तर नसतं.

आणि स्थानिक पातळीवर एक फसवं बक्षीस असतं, त्याकडे लक्ष द्या: ‘सर्वोत्कृष्ट महिला’. दोनशे खेळाडूंची खुली स्पर्धा, त्यात पाच मुली. सत्तरावी आलेली मुलगी पंधराशे रुपये आणि ढाल घेऊन जाते, सगळे टाळ्या वाजवतात. तिने उरलेल्या चौघींपेक्षा अर्धा गुण जास्त केला, एवढंच. एका स्पर्धेत तर मी वेगळाच नमुना पाहिला. गावाचं नाव घेत नाही. पत्रकात बारीक अक्षरांत अट होती की, महिलांच्या किमान दहा प्रवेशिका आल्या तरच हे बक्षीस दिलं जाईल. आल्या आठ. बक्षीस रद्द. आणि त्या आठजणींत एक अशी होती की, ती एकूण क्रमवारीत अकरावी आली होती. बक्षिसं पहिल्या दहांना. तिची आई मला विचारत होती, आता पुढच्या स्पर्धेला यायचं ते कशावर?

बाटुमीबद्दल एक सांगायचं राहिलं. अंतिम सामना जॉर्जियात झाला हा योगायोग असेल, पण चांगला योगायोग आहे. महिला बुद्धिबळाचं माहेर कुठलं असेल तर ते हे. नोना गाप्रिंदाश्विली तिथली, १९६२ ते १९७८ जगज्जेती, आणि १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली महिला. तिच्यानंतरची जगज्जेती माया चिबुर्दानिद्झे, तीही तिथलीच. छोटासा देश. तिथे एकीला बघून दुसरी खेळायला लागली, दुसरीला बघून दहा जणी. नोनाच्या नावाबाबत एका प्रसिद्ध वेब मालिकेत चुकीचं वाक्य आलं, की ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईने कंपनीवर खटला भरला, पन्नास लाख डॉलरचा, आणि २०२२ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. बाई पटावरही अशीच खेळायची म्हणतात.

आता तुमचा प्रश्न. हैदराबादहून एका बाबांनी विचारलंय, पण हाच प्रश्न बडोद्याहून आणि बेळगावहूनही आला आहे, म्हणून एकत्र उत्तर देते. ‘मुलगी अकरा वर्षांची आहे, गुणांकन चौदाशेच्या पुढे आहे. तिला मुलींच्या गटात खेळवू की खुल्या?’

दोन्ही. राज्य आणि राष्ट्रीय वयोगटाच्या स्पर्धा मुलींच्या गटात खेळवा, कारण तिथून निवड होते, निवड झाली की पुढच्या स्पर्धेचा खर्च थोडा हलका होण्याची शक्यता असते, आणि तिला आपल्यासारख्या चाळीस-पन्नास मुली एका खोलीत दिसतात. ते दिसणं फार मोलाचं आहे. बाकी वर्षभर खुल्या स्पर्धा. तिथे ‘सर्वोत्कृष्ट महिला’ यादी बघू नका, एकूण क्रमवारी बघा, आणि तिलाही तीच दाखवा. घरी आल्यावर बक्षीस किती असं विचारण्याआधी गुणांकन किती हललं ते विचारा. हरलेले डाव तिच्याकडून लिहून घ्या.

आणि प्रवासासाठी एकट्या घराने झुरू नका. हैदराबादेत मराठी मंडळं आहेत, बुद्धिबळाच्या चार अकादमी आहेत. त्याच वयाच्या तीन मुलींची घरं शोधा. एका स्पर्धेला एक आई तिघींना घेऊन जाईल, पुढच्या वेळी दुसरी. खोली एक, रजा एकीचीच. आमच्या वर्गातल्या चार घरांनी गेल्या तीन वर्षांत असं केलं. चौघींपैकी तिघी अजून खेळताहेत. चौथी यंदा दहावीला आहे, तिच्या आईने मार्चनंतरच्या स्पर्धांची यादी माझ्याकडून आत्ताच मागून घेतली आहे.